मोहाचे लाडू विका म्हणे!

झाडीपट्टीवाला:
परवा इथं एकानं लिहिलं, गडचिरोलीच्या पोट्ट्यांनी पोलीस भरतीच्या मागं धावणं सोडावं, मोहाचे लाडू न् बांबूचे शोपीस ऑनलाइन टाकावे, घरबसल्या पैसा. डोकंच फिरलं. भाऊ, आमच्याकडं नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागते, नाल्याला पूर आला का कुरियर काय एसटीपण येत नाही, अन् लाडूला लायसन, डबा, लेबल सगळं लागते, ते कोण करणार?
अडते कुठं ते सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये बाया अंधारातच मोहाखाली जातात, टोपली भरते, अंगणात फुलं वाळवतात. घरातले तांदूळ संपत आलेले असतात म्हणून वाळली तशी दुकानदाराच्या काट्यावर. अन् पावसाळ्यात पूजेला तीच फुलं त्याच दुकानातून चढ्या भावानं! गोदाम द्या अन् तेवढे महिने थांबायला हाती पैसा द्या, वेबसाइट नको.

पुणेकर_भटक्या:
ते मीच लिहिलेलं. नुसतं रडगाणं चाललंय. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावानं 2009 ला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळवला, 2011 पासून स्वतःचा बांबू स्वतः विकला. त्यांच्याकडे काय फोर-जी होतं?

कुरखेड्याची_लेक:
आलं मेंढ्याचं नाव! त्याच्या आधी वर्षानुवर्षं ग्रामसभा बसली, ते कोणी सांगत नाही. आमच्या ग्रामसभेनं तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, लिलाव स्वतः केला. 70 पानांचा एक पुडा, मे महिन्याच्या उन्हात घरातली पोरंसोरं पुडे बांधत बसलेली. ठेकेदारानं पहिला हप्ता दिला, माल उचलला अन् बाकीच्या पैशासाठी दिवाळीपर्यंत चकरा मारायला लावल्या. हक्क कागदावर आहे हो, वसुली कोण करणार?

रोखठोक:
सगळे गोल गोल फिरताय. मोहात पैसा आहे तो दारूत. 2021 ला सरकारनं मोहफुलांवरची बंधनं सैल केली, पण गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी. शेजारी मध्य प्रदेश तीच दारू हेरिटेज म्हणून बाटलीत विकतो न् आपण लाडू वळायचे. बंदी उठवा, गावाला परवाना द्या.

कुरखेड्याची_लेक:
तुमच्या घरात कोणी पिऊन मेलं नाही वाटते. माझ्या काकानं दोन एकर धानाची बांधी दारूत घालवली. बंदीसाठी बाया रस्त्यावर आल्या होत्या, हे काही मुंबईतून लादलेलं नाही.

रोखठोक:
ताई, काकांनी बंदीतच घालवली ना बांधी? म्हणजे बंदी असून मिळत होतीच. पैसा फक्त चोरट्यांना जातो. चंद्रपूरची 2015 ला लावली, 2021 ला उठवली, उगाच नाही.

कुरखेड्याची_लेक:
मिळत होती, पण लपूनछपून, चौकात दुकान थाटून नाही. उद्या परवाना निघाला तर ग्रामसभेला मिळते का नागपूरच्या शेठला, शपथेवर सांगा.

झाडीपट्टीवाला:
शेठलाच. अरे पण माझा धागा रोजगाराचा होता, तुम्ही गुत्ता उघडून बसले!

पुणेकर_भटक्या:
बरं बाबा, लाडू गेले खड्ड्यात, तुमचं गोदाम धरू. पण गोदामानं काय होणार? भाव पडले की आणखी कुजेल. आणि तुमच्याकडं सुरजागडची लोखंडाची खाण आहे ना, तिथे पोरं लागतायत की.

झाडीपट्टीवाला:
लागतात, नाही म्हणत नाही, माझा भाचाच गाडीवर आहे. पण साठ वर्षांची माय डंपर चालवणार का? तिला मोहच आहे. अन् नीट वाळलेलं फूल कुजत नाही, ओल धरली तरच बुरशी लागते, म्हणून तर पक्की खोली मागतो. बचत गटानं उचल दिली अन् माल पावसाळ्यात काढला तर दुकानदाराला भाव वाढवूनच द्यावा लागते.

रोखठोक:
आणि उचल फेडली नाही तर? बचत गटाचे हप्ते बुडवणारे मीपण पाहिलेत.

कुरखेड्याची_लेक:
बाया बुडवत नाहीत, नवरे बुडवतात. खोलीची किल्ली बायांकडं ठेवा.

पुणेकर_भटक्या:
चला, एवढ्यावर तरी मान डोलवतो. एका खोलीचा खर्च मी चार मित्रांना विचारतो, पण जागा बघायला येणार, फोटोवर पैसे नाही.

झाडीपट्टीवाला:
या ना, पण होळीच्या आधी या. फुलं पडायला लागली का गावात बोलायला कोणी सापडत नाही.