दोन भाषांत शिकलेलं मूल धड कुठलंच राहत नाही?

खडूफळा:
'दोन भाषांत शिकवलेलं मूल धड ना इकडचं, ना तिकडचं' हे द्विभाषिक शाळांवरच्या कालच्या लेखातलं वाक्य मला साफ अमान्य आहे. नुकसान दुसरी भाषा आल्याने होत नाही, ती आल्यावर पहिलीला वर्गाबाहेर काढल्याने होतं. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्टला १९६५ मध्ये इंग्रजीभाषक मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायला घेतलं. इंग्रजी वाचनात ती सुरुवातीला मागे होती, पण इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर बरोबरीला आली. परकी झाली नाहीत.

सांजवात:
हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं! ती मुलं वरचढ भाषेची होती, इंग्रजी त्यांच्याकडून कोण हिरावणार होतं? स्थलांतरित घरातलं मूल घ्या. दोनेक वर्षांत ते मैदानावर फडाफडा बोलू लागतं आणि शाळा त्याची जादाची मदत काढून घेते. धड्याची भाषा पेलायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कधीच मांडलंय. मधल्या काळात त्याच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. मग ते घरीही शाळेच्याच भाषेत उत्तरं देतं आणि आजीशी बोलणं 'हो-नाही'वर येतं.

खडूफळा:
पाच-सात वर्षांचं मान्य करावंच लागेल. पण त्यातून घरची भाषा जास्त काळ ठेवा असंच निघतं ना? द्विभाषिक शाळांच्या ९०:१० पद्धतीत पहिली दोन वर्षं नव्वद टक्के वेळ दुबळ्या, म्हणजे समाजात कमी चालणाऱ्या भाषेला असतो, तो हळूहळू उतरत प्राथमिकच्या शेवटी निम्म्यावर येतो.

तासिका:
वेळापत्रकात नव्वद. वर्गात काय होतं? शिक्षक प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, आधी एका भाषेत, लगेच दुसरीत. आपली भाषा येणारच हे मुलाला कळलं की नकोशा भाषेत ते कान मिटून बसतं. नवी संकल्पना एकाच भाषेत द्या, चित्र, वस्तू, हातवारे वापरून. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भाषेत त्याच्या *पुढचा* भाग घ्या, कालचाच नाही.

ओसरी:
म्हणजे भिंत घालायची? मुलाने घरचा शब्द वापरला की 'आत्ता ही भाषा नाही' म्हणायचं? आपण इथे नकोसे आहोत, हे त्याला तिथेच कळतं. वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ सेन विल्यम्स यांनी एका भाषेत वाचून दुसरीत लिहायला लावलं. त्यात भाषांतराची वाट पाहत बसता येत नाही.

तासिका:
मी शिक्षकाच्या तोंडाबद्दल बोलतेय, मुलाच्या नाही! नीट वाचा तरी. आणि विल्यम्स यांची पद्धत दोन्ही भाषा बऱ्यापैकी येणाऱ्यांसाठी होती, नवख्यांसाठी नव्हे.

ओसरी:
बरं, शिक्षकाने दोनदा बोलू नये, एवढं कबूल. पण मुलाने घरच्या भाषेत दिलेलं बरोबर उत्तर बरोबरच धरायचं, शब्द नंतर पुरवायचा. यावर मी हटणार नाही.

सांजवात:
तुम्ही तासिकांच्या वाटणीत अडकलात. गणित-विज्ञान एका भाषेत आणि दुसरी फक्त गाण्यांना नि सणांना, असं असेल तर कुठली भाषा शोभेची हे सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. प्रगतिपुस्तक कुठल्या भाषेत येतं? पालकसभेत दुभाषी म्हणून मुलालाच उभं करतात. आईला काय कळवायचं हे तेच ठरवतं, आणि त्याच्यासमोर आई अडाणी ठरते. आधी हे थांबवा.

खडूफळा:
दुभाष्याचं शंभर टक्के खरं, तिथे मोठं माणूसच हवं. पण यातली एकही गोष्ट दोन भाषांमुळे घडत नाही. न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींनी १९८२ मध्ये कोहांगा रेओ या माओरी भाषेतल्या बालवाड्या काढल्या. तिथली मुलं इंग्रजी शाळेत गेली की कमावलेली भाषा गळू लागली, म्हणून १९८५ पासून माओरी माध्यमाच्या शाळाच उभ्या केल्या. बालवाडीपुरती घरची भाषा ठेवून पहिलीत ती सोडवणाऱ्यांनी 'धड ना इकडचं'चं खापर दोन भाषांवर फोडू नये.

सांजवात:
मग 'द्विभाषिक' पाटी लावून पहिलीतच घरची भाषा सोडवणाऱ्या शाळांना तुम्ही काय म्हणणार? लेख त्यांच्याबद्दलच होता.