बँकेने एफडी सांगून विमा दिला, आता 1,20,000 परत देते म्हणते. सही करावी का?

वणीकडचा: मोठे वडील कापसाचे पैसे घेऊन एफडी करायला शाखेत गेले, हाती आली जीवन विम्याची पॉलिसी. वर्षाला 50,000, मुदत 10 वर्षं. पुढचे दोन हप्ते खात्यातून आपोआप कटले, म्हणजे 1,50,000 गेले. लेखी तक्रारीवर शाखेचं पत्र आलं: 1,20,000 देतो, ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ म्हणून 15 दिवसांत सही करा. पेरणी तोंडावर आहे, पैसा लागतोच. काय करावं?

वर्धाकाठ: या कागदावर सही नको भाऊ. आधी हिशेब पाहा. साध्या 6 टक्क्यांनी पहिल्या हप्त्याचं 3 वर्षांचं व्याज 9,000, दुसऱ्याचं 6,000, तिसऱ्याचं 3,000. एफडी असती तर आज 1,68,000 झाले असते, म्हणजे देऊ केलेली रक्कम 48,000 नं कमी आहे. अन् रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही, की पॉलिसी रद्द होणार असं पत्रात लिहिलंय का? नसेल तर पैसे मिळूनही पुढच्या वर्षी हप्ता पुन्हा कटेल. ‘अंतिम तडजोड’वर सही झाली की पुढे दाद मागताना तोच कागद आडवा येतो. दबावानं सही घेतली हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं.

दारव्हा रोड: विमा कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत मागवा, खरा पुरावा त्यातच असतो. वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते सातबाराशी ताडून पाहा. तीन एकर कोरडवाहूवाल्याचं उत्पन्न 6 लाख दाखवलं असेल तर तिथंच गोम आहे. मोबाईल नंबर खरंच त्यांचा आहे का तेही बघा. फॉर्म इंग्रजीत अन् सही मराठीत असेल, तर ‘मजकूर त्यांच्या भाषेत समजावून सांगितला’ असं तिसऱ्या माणसाचं सहीनिशी निवेदन असायला हवं. ते कोरं असेल किंवा विकणाऱ्यानंच भरलं असेल, तर बाजू भक्कम होते. पॉलिसी देताना कंपनी पडताळणीसाठी फोन करते, त्या कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. मात्र ‘हो, हो’ म्हटलेलं असलं तर कंपनी तेच पुढे करेल, त्याची तयारी ठेवा.

पैनगंगा: लोक फक्त शाखेत तक्रार देतात अन् तिथंच अडकतात. विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जायला आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार लागते. महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पण आधी ग्राहक आयोगात केस टाकली तर त्याच विषयावर लोकपाल ऐकत नाही, म्हणून क्रम चुकवू नका. मधल्या काळात पॉलिसी सरेंडरही (मुदतीआधी बंद) करू नका. विमा नियामकाच्या (IRDAI) ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरही नोंद करा, किंवा 155255 वर फोन लावा.

वणीकडचा: अन् पूर्ण 1,50,000 बिनव्याजी द्यायला तयार झाले तर?

वर्धाकाठ: मग माझ्या मते घ्यावेत. लोकपालाकडे व्याज मिळेलच असं नाही, अन् कंपनी म्हणेल की तेवढी वर्षं जोखीम आम्हीच झेलली. पण तीन गोष्टी लेखी घ्या: पॉलिसी सुरुवातीपासून रद्द, आपोआप कपात बंद, अन् रक्कम बचत खात्यात. पीककर्ज थकीत असेल तर शाखा ती रक्कम परस्पर कर्जात वळती करू शकते. पेरणीच्या वेळी त्याचा काय उपयोग? ‘पैसे नाही, त्याऐवजी दुसरी चांगली पॉलिसी देतो’ म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

आत्ता 15 दिवसांच्या आत एवढंच उत्तर द्या: ‘देऊ केलेली रक्कम मान्य नाही, पूर्ण प्रीमियम व्याजासह परत द्यावा.’ दोन प्रती करा, एकीवर शाखेचा शिक्का अन् तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, अन् पावती पासबुकासोबतच ठेवा.