मदत हवी आहे: व्हेग की अँबिग्युअस?

मंडळी, जरा मदत करा. डिक्शनरीत दोन्हीला अस्पष्ट, संदिग्ध असंच दिलंय, मग कुठे कुठलं वापरायचं? मला एवढं कळलंय की 'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप' हे अँबिग्युअस, कारण दुर्बीण बघणाऱ्याकडे आहे की त्या माणसाकडे, असे दोन सरळ अर्थ निघतात, आणि क्लायंटचं 'विल सेंड सून' हे व्हेग, अर्थ एकच पण सून म्हणजे उद्या की दिवाळीनंतर, देव जाणे. मग 'बायवीकली' कशात बसतं, आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, अँबिग्युअसच ना? आणि मेलमध्ये 'युअर रिक्वायरमेंट इज व्हेग' लिहिलं तर उद्धट वाटेल का? इंग्लिशवाल्यांनी प्लीज सांगा, गुगल ट्रान्सलेटचे स्क्रीनशॉट नकोत.