चर्चा: सोसायटीतील लॉन काढून कमी पाण्याचे ग्राउंड कव्हर लावावे का?

जुळे सोलापूरचा रहिवासी (धागाकर्ता)

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या मधल्या मोकळ्या जागेत सुमारे २००० चौरस फुटांचे कार्पेट लॉन आहे. ते काढून तेथे कमी पाण्यावर पसरणाऱ्या वनस्पती, ज्यांना नर्सरीवाले ग्राउंड कव्हर म्हणतात, लावाव्यात असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. सभेत वादावादी होण्यापेक्षा विरोधी मते आधीच ऐकून घ्यावीत, म्हणून हा धागा.

माझे मुख्य कारण पाणी हेच आहे. वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस, त्यातही खरा भरवसा सप्टेंबरचा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर. आणि नळाला पाणी काही दिवसांआड. अशा गावात उन्हाळ्यात लॉन हिरवे ठेवायचे म्हणजे रोज किमान पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या हिशेबाने आमच्या १८६ चौरस मीटरना रोज सुमारे ९३० लिटर लागतात. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, म्हणजे जवळपास सात माणसांचे पाणी आपण रोज गवताला पाजतो. उजनी धरण भरले म्हणून हा हिशेब बदलत नाही, कारण ते पाणी शंभर किलोमीटरच्या आसपास अंतरावरून पंपाने येते आणि आपल्या टाकीत मोजूनच पडते.

जलपिंपळी (जमिनीलगत पसरणारी वेल), ऑफिस टाइम (रसाळ फांद्यांचे फुलझाड) आणि कडेला वेडेलिया (पिवळ्या फुलांची पसरणारी वेल), असा माझा विचार आहे.

होटगी रस्ता

आपला हिशेब बरोबर आहे. पण तो कार्पेट लॉनचा आहे, गवताचा नव्हे. आपल्याकडची साधी हरळी उन्हाळ्यात पाणी तोडले तर पिवळी पडते, मरत नाही, आणि वळवाचे दोन पाऊस झाले की पुन्हा फुटते. तेव्हा वर्षातील तीन महिने पिवळी जमीन पाहण्याची तयारी असेल, तर काहीही उपटण्याची गरज नाही. तयारी नसेल, तर आपली तक्रार गवताविषयी नसून स्वतःच्या डोळ्यांच्या सवयीविषयी आहे, असे मला नम्रपणे वाटते.

दुसरा मुद्दा वापराचा. संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी सतरंजी टाकून बसतात, मुले लोळतात, कोजागरीला सारी सोसायटी तेथेच जमते. ऑफिस टाइमच्या रसाळ फांद्यांवर एकदा पाय पडला की चिखल होतो. दाट, गुडघाभर वाढलेल्या आच्छादनाखाली काय दडले आहे हे दिसत नाही, आणि घोणस, फुरसे आपल्या भागाला नवीन नाहीत.

आणि वेडेलियाचे नाव ठरावातून आधी काढावे. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक परक्या जातींची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, तीत घाणेरीबरोबर वेडेलियाही आहे. कुंपणाच्या पलीकडे ओढा असेल, तर ती पिवळी फुले तेथपर्यंत पोचल्यावर परत आणता येणार नाहीत.

धागाकर्ता

वेडेलियाचा आक्षेप मान्य, ते नाव वगळतो. हरळीचा मुद्दा मात्र कागदावर जितका सोपा आहे तितका सभेत नाही. पिवळे गवत दिसले की कोणीतरी नळी लावतोच, आणि नळी एकदा लागली की ती जूनपर्यंत निघत नाही. पाणी वाचवायचे तर पाण्याची मागणीच कमी असलेले काहीतरी जमिनीवर हवे. सर्वांनी संयम पाळावा यावर योजना उभी राहू शकत नाही. सापांविषयी म्हणाल तर जलपिंपळी जमिनीलगत, चार-सहा इंचांच्या आत राहते, आणि माणसांच्या येण्याजाण्याने अधिकच आखूड होते.

शेतीची पार्श्वभूमी असलेला एक वाचक, अक्कलकोट रस्ता

दोघांचेही लक्ष लावण्याकडे आहे. खरे काम काढण्याचे आहे. लॉनमध्ये आपोआप घुसलेली हरळी वरून खरवडून जात नाही. काळ्या जमिनीत तिच्या कांड्या खोलवर जातात, आणि रोटाव्हेटर फिरवला तर एका काडीचे दहा तुकडे होऊन दहाही फुटतात. म्हणून आमचे वडीलधारे हरळी कुदळीने खणून, वेचून, उन्हात टाकत आणि वाळल्यावरच जाळत.

सोसायटीसाठी सोपा उपाय म्हणजे एप्रिलमध्ये जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिक अंथरावे, कडा मातीने घट्ट दाबाव्यात आणि महिना-दीड महिना तसेच ठेवावे. सोलापूरच्या उन्हाचा असा फुकट उपयोग दुसऱ्या कशाला होणार नाही. तरीही लव्हाळा हे तण उरते. त्याच्या गाठी खोल असतात, त्यामुळे ते वर दिसताच गाठीसकट काढावे लागते, आणि ते काम जलपिंपळीची वीण दाट होईपर्यंत, म्हणजे पहिला पूर्ण पावसाळा, दर पंधरवड्याला करावे लागते. कमी देखभाल ही दुसऱ्या वर्षाची गोष्ट आहे. पहिल्या वर्षी लॉनपेक्षा अधिक मजुरी लागेल, हे ठरावात स्पष्ट लिहावे.

लावणी जुलैत, पाऊस धरल्यावर, वीतभर अंतराने करावी. जलपिंपळीचा वेल उचलून पाहिला तर प्रत्येक पेऱ्यातून पांढरी मुळी सुटलेली दिसते. पेरा मातीला टेकला की तो स्वतंत्र रोप होतो, त्यामुळे थोड्या रोपांतही जागा भरते. फूल काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे, मध्ये जांभळट आणि भोवती पांढऱ्या फुलांचे कडे. खारट, चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर ती तग धरते, आणि आपल्याकडे हा गुण फुलापेक्षा महत्त्वाचा आहे.

होटगी रस्ता

जलपिंपळीचीच जवळची बहीण, लिपिया, ऑस्ट्रेलियात मरी-डार्लिंग खोऱ्यातील पूरमैदानांवर, तीही काळ्या भेगाळ मातीवर, मोठी डोकेदुखी ठरली आहे. तेथे तिने कुरणे गिळली आणि नदीकाठ धुपू लागले. काळी माती तर आपलीही आहे. मग एका आक्रमक वेलीला नकार देऊन दुसरीच्या बहिणीला आमंत्रण कशासाठी?

अक्कलकोट रस्ता

प्रश्न रास्त आहे. फरक असा की लिपिया ही वेगळी जात आहे आणि तेथे ती परकी आहे; आपली जलपिंपळी मात्र येथे मूळचीच आहे. ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला ती इतर वनस्पतींच्या गर्दीत आपल्या जागेपुरती राहते. तरीही ती शेजारच्या वाफ्यात शिरणारच. त्यासाठी कडेने शहाबादी फरशी उभी गाडून वितीपेक्षा थोडी खोल न्यावी आणि फरशीवरून बाहेर आलेले वेल छाटत राहावे. माझा तिच्याविषयीचा खरा आक्षेप वेगळा आहे: फुलोऱ्यावर मधमाश्या सतत असतात, आणि अनवाणी मुलांच्या जागेत ते चालणार नाही.

सात रस्ता

मला दोन्ही बाजूंचे एक गृहीतक खटकते, ते म्हणजे जमीन बारा महिने हिरवीच दिसली पाहिजे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ हिवाळ्यानंतर पिवळा असतो. तो आजारी नसतो, त्याचा तो ऋतू असतो. एका कोपऱ्यात पवन्या किंवा मारवेल हे माळावरचे गवत लावून वर्षातून एकदा कापावे, असे मी सुचवीन. ते बसण्याच्या उपयोगाचे नाही, हे मान्य. पण सर्वांनाच सगळीकडे बसायचे असते का? आणि कोणीही पेव्हर ब्लॉकचे नाव काढू नये. मे महिन्यात रात्री दहालाही ते तापलेले असतात.

धागाकर्ता

ठराव बदलून मांडतो. येण्याजाण्याची कडेची जागा आणि झाडांखालचा भाग मिळून अंदाजे दोन-तृतीयांश जलपिंपळीला; मधला तुकडा मुले आणि ज्येष्ठांसाठी साध्या हरळीचा, आणि त्याला मार्च ते मे पाणी नाही. या अटीवर होटगी रस्त्याचे सदस्य बाजूने मत देतील का?

होटगी रस्ता

हरळी आणि जलपिंपळी शेजारी शेजारी ठेवल्यावर मधली फरशी दोघींनाही थोपवील, यावर माझा विश्वास नाही. तरी मत देईन. फक्त पहिल्या वर्षीची निंदणीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवा आणि पाण्याच्या नळीचे कुलूप कोणाकडे राहील तेही लिहा.