विषय: श्रुतिकेसाठी आवाज हवेत – मसुदा बघून घ्या

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

आपल्या टोरांटो मराठी मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे मालवणी श्रुतिकेचं, म्हणजे नुसत्या ऐकायच्या नाटकाचं, काम हातात घेतोय. सहा भाग, प्रत्येक साधारण १२ मिनिटांचा. गोष्टी आपल्याच सभासदांनी लिहिल्या आहेत. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या कानावर आजोळची बोली पडावी म्हणून हा सगळा खटाटोप. पण टोरांटोत सहज मालवणी बोलणारे मोजून चार जण, आणि पात्रं अकरा! म्हणून कोकणातल्या हौशी मंडळींना ऑनलाइन आवाहन करायचं ठरलं. मसुदा असा:

"मालवणी श्रुतिकेसाठी हौशी आवाज हवेत. वयाची अट नाही. इच्छुकांनी लवकरात लवकर आवाजाचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. परदेशातल्या श्रोत्यांपर्यंत पोचण्याची सुवर्णसंधी!"

आचऱ्याच्या काकांना विनंती, तुमच्याकडच्या गटांमध्ये हे पुढे पाठवाल का?

– सचिव

*

प्रेषक: आचऱ्याहून काका

गो बाय,

मसुदा वाचला. अजून कुठेच पाठवलेला नाही, आणि का नाही ते सविस्तर लिहितो. रागावू नको.

आमच्या शेजारी एक मुलगी आहे, कॉलेजात जाणारी. तिचा आवाज गोड आहे असं मी म्हणणार नाही, पण ती बोलली की माणूस समोर उभा राहतो. दोन-तीन वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात तिच्या मोबाइलवर आली. कुणाची होती ते इथे लिहीत नाही. 'हौशी आवाज हवेत, नमुना पाठवा', एवढंच. कसला नमुना, कुठलं पात्र, किती मिनिटं, काही नाही. महिना मे. पोरीने खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, डोक्यावरून दोन गोधड्या घेतल्या आणि आत फोन धरून बोलायला बसली. मध्येच कुणाच्यातरी बागेतला पंप सुरू झाला की थांबायची. बाहेर आली तेव्हा केस घामाने कपाळाला चिकटलेले. चार वेळा बोलली, त्यातलं एक पाठवलं. त्यावर 'मिळालं' एवढंसुद्धा उत्तर आलं नाही. पुढे कळलं की पात्रं आधीच घरच्या घरी वाटली होती, जाहिरात नुसती रीत म्हणून काढलेली. त्यानंतर ती 'आवाज' म्हटलं की विषयच बदलते.

हौशी माणूस पैसे मागत नाही. म्हणूनच त्याला काय करायचं आहे आणि त्याचं पुढे काय होणार आहे ते आधी सांगणं आपलं काम. माझं सगळं म्हणणं यातच आलं.

आता मसुद्याबद्दल. 'मालवणी' म्हणजे कुठली? देवगडात एक हेल, मालवणात दुसरा, वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडे तिसरा. राजापूर ओलांडून संगमेश्वराकडे गेलात की बोलीच वेगळी, आणि रायगडात शिरलात की आगरी. जाहिरात रत्नागिरीच्या गटात गेली तर तिथले लोक हौसेने मालवणीची नक्कल करून पाठवतील आणि तुम्हाला तिथे बसून फरक कळायचा नाही. गोष्ट कुठल्या गावात घडते ते लिही. त्या पट्ट्यातले लोक आपणहून ओळखतील.

'वयाची अट नाही' हे तर नकोच. ऐकणाऱ्याला वय आवाजातून कळतं, जन्माच्या दाखल्यातून नाही. प्रत्येक पात्रापुढे 'आवाज सत्तरीचा वाटायला हवा' असं लिही. पासष्टीचा माणूस पंचेचाळिशीचा वाटू शकतो, आणि उलटही. शिवाय दोन शब्द स्वभावाचे हवेत. 'प्रेमळ आजी' म्हटलंस की सगळ्या एकाच सुरात लाडिक बोलतील. 'नातवाला ओरडते, पण माशाची पहिली तुकडी त्याच्याच ताटात घालते' असं लिहिलंस की बाईच्या तोंडात आजी आपोआप येते.

नमुन्यासाठी काय वाचायचं ते तुम्हीच द्या. प्रत्येक पात्राची दोन किंवा तीन वाक्यं, श्रुतिकेतलीच, आणि त्यांचे भाव एकमेकांपासून लांबचे. एक शांत, एक चिडकं. उदाहरणार्थ, "रे झिला, खंय होतंस इतको वेळ?" हे एकदा काळजीने आणि एकदा संतापाने. एकाच वाक्यावरून माणसाचा आवाका कळतो. पण वाक्य कसं म्हणायचं ते स्वतः रेकॉर्ड करून सोबत पाठवू नका. सगळे तुमचीच नक्कल करतील.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुला खरोखर चांगले आवाज हवे असतील तर दशावतारातल्या मंडळींपर्यंत जायला हवं. पण त्यांच्या हातात लिहिलेला कागद दिलास तर त्यांची अर्धी ताकद तिथेच जाते. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं ते नाटकाआधी ठरतं, रंगपटात माणूस स्वतःच्या पेटाऱ्यावर बसून, हातात आरसा धरून स्वतःचं तोंड रंगवतो, आणि रंगमंचावर गेल्यावर शब्द तिथल्या तिथे सुचत जातात. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात, तेव्हा आवाज बदलणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. अशा माणसाला वाक्य देऊ नको, प्रसंग दे: 'वादळ सुटलंय, मुलाची होडी अजून किनाऱ्याला लागली नाही, तू देवळाच्या पायरीवर उभा आहेस. अर्धा मिनिट बोल.' जाहिरातीत दोन्ही पर्याय ठेव, वाक्य वाचा किंवा प्रसंगावर बोला. मग बघ काय येतं ते.

आणि 'सुवर्णसंधी' काढ. मानधन नाही तर 'मानधन नाही' असं सरळ लिही.

– काका, आचरे

*

प्रेषक: वहिनी (कार्यकारिणी)

काका, तुमचं पत्र आमच्याकडे दोघांनीही मोठ्याने वाचलं. पटलं. तरी मनात दोन-तीन गोष्टी आहेत.

इंग्रजी श्रुतिका करणारे लोक कास्टिंग कॉल क्लब नावाच्या संकेतस्थळावर पात्रवार जाहिरात टाकतात. तिथे हौशी आवाजांचीच वर्दळ असते. रेडिटवरही यासाठी वेगळे विभाग आहेत. आपण तिथेही टाकायचं का? नमुने गोळा करायला गूगल फॉर्म बरा पडेल ना? आणि दोन पात्रं लहान मुलांची आहेत, त्यांचं काय करायचं?

*

प्रेषक: रेकॉर्डिंगचं काम बघणारा

नमस्कार. तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे, म्हणून मध्ये बोलतो.

कास्टिंग कॉल क्लबवर टाकायला हरकत नाही, पण तिथे आपल्याला मालवणी आवाज मिळायची आशा थोडी. त्यापेक्षा तिथल्या चार-पाच जाहिराती वाचून मांडणी शिकून घेऊ. प्रत्येक पात्राचा वेगळा परिच्छेद, त्याखाली त्याचीच वाक्यं, वर ठळक शेवटची तारीख.

व्हॉट्सअ‍ॅपवर माइकचं बटण दाबून पाठवलेला आवाज खूप दाबला जातो. 'स' आणि 'श' बोथट होतात, श्वास ऐकू येत नाही. फोनच्या रेकॉर्डरमध्ये बोलून ती फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडली तर जशीच्या तशी येते. जाहिरातीत हे एक वाक्य नक्की घाला, निम्मी डोकेदुखी तिथेच संपेल. फाइल फोनमधून जी निघेल ती चालेल. फोनमधल्या दाबलेल्या एम४ए फाइलला वेव्ह (न दाबलेली फाइल) केलं म्हणून गेलेला आवाज परत येत नाही, उगाच लोकांना त्या खटपटीत पाडू नका. निवड झालेल्यांकडून मात्र मी वेव्ह मागेन: मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. त्याचे मिनिटाला साधारण ५ एमबी होतात, आणि जीमेलला जोडणीची मर्यादा २५ एमबी, म्हणून मोठ्या फाइली ड्राइव्हवरून घेऊ.

गूगल फॉर्मला फाइल जोडायची तर पाठवणाऱ्याला गूगल खात्यात शिरावंच लागतं. गावाकडच्या काही ज्येष्ठांना ते जड जाईल, म्हणून इमेल आणि फॉर्म दोन्ही ठेवू. फाइलचं नाव 'पात्र-नाव-गाव' असं मागा. नाहीतर 'रेकॉर्डिंग १' नावाच्या चाळीस फाइली माझ्या पुढ्यात येतात.

बोलायला सुरुवात करण्याआधी पाच सेकंद गप्प राहायला सांगा. त्या पाच सेकंदांत खोली कशी आहे ते मला कळतं. फोन तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर 'फ', 'भ' म्हणताना हवा माइकवर आपटते.

चौथ्या भागात आजी किंचाळते आणि रडते. हे आधी सांगायला हवं. ओरडण्याने घसा बसतो, म्हणून तसे प्रसंग शेवटी रेकॉर्ड करू. पण होकार देणाऱ्याला ते पहिल्या दिवशी माहीत असलं पाहिजे.

*

प्रेषक: आचऱ्याहून काका

पाच सेकंद गप्प राहायचं सुचवलंत ते फार बरं केलंत. इथे त्या पाच सेकंदांत काय काय ऐकू येईल ते आधीच सांगतो. संध्याकाळी रातकिडे, आणि पावसात पागोळ्या. पत्र्याचं छप्पर असेल तर श्रावण संपेपर्यंत काही खरं नाही. कौलांखाली त्यापेक्षा बरं. पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ उत्तम, मिक्सर-टीव्ही सुरू व्हायच्या आधीची. कपड्यांच्या उघड्या कपाटात तोंड घालून बोललं तर आवाज घुमत नाही. एवढं जाहिरातीत लिहा, म्हणजे स्टुडिओ नाही म्हणून कुणी मागे फिरणार नाही.

तारखेचंही तसंच. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा हंगाम, तेव्हा बागायतदार घरातला माणूस दुपारी जेवायलासुद्धा धड बसत नाही. चतुर्थीला चाकरमानी येतात, घर भरलेलं असतं. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतारी रोज नव्या गावात. जून-जुलै चांगले. मासेमारी बंद असते, माणसं घरी सापडतात. पावसाचा आवाज तेवढा सांभाळायचा. आणि वेळ भारतातली लिहा. उन्हाळ्यात तुम्ही आमच्या साडेनऊ तास मागे असता. 'रविवारी रात्री बारापर्यंत' म्हटलंत तर कुणाचा रविवार, यावरून भांडण होईल.

लहान मुलांचे नमुने आईवडिलांनीच पाठवायचे, पत्रव्यवहारही त्यांच्याशीच. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोन कुठेही जाहीर करायचा नाही. तसं तर मोठ्यांचेही नंबर उघड्या गटात मागू नका.

आवाजाच्या मालकीबद्दल एक ओळ हवी. आता थोड्या मिनिटांच्या रेकॉर्डिंगवरून यंत्राला माणसासारखं बोलायला लावता येतं. अमेरिकेत २०२४ च्या जुलैमध्ये व्हिडिओ गेमना आवाज देणारे कलाकार संपावर गेले, तेव्हा एआय हाच मोठा मुद्दा होता. आमच्याकडच्या माणसाला हे कदाचित विचारायचं सुचणार नाही. म्हणून न विचारता लिहून द्या.

गोष्टी सभासदांच्या आहेत हे बरं झालं. कुणा लेखकाची कथा घेतली असती तर आधी परवानगी लागली असती. भारतातल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो.

कुठे टाकायची ते माझ्यावर सोडा. कॉलेजच्या युवा महोत्सवात एकांकिका करणारी मुलं, भजनी मंडळांचे गट, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी आकाशवाणीवर कधीतरी बोललेले लोक. नुसती कोकणच्या फोटोंच्या मोठ्या पानांवर टाकली तर लाइक येतील, आवाज यायचे नाहीत.

आणि ज्याला नाही म्हणायचं त्यालाही कळवा. हे कोण करणार ते आत्ताच ठरवा.

*

प्रेषक: सचिव

काका, नकार कळवायचं काम मी घेतलं. प्रत्येकाला त्याच्या नावाने पत्र जाईल. बदललेली जाहिरात बघा:

"मालवणी श्रुतिकेसाठी हौशी आवाज हवेत.
टोरांटोतल्या मराठी मंडळाची सहा भागांची श्रुतिका. गोष्ट मालवण-आचरे पट्ट्यातल्या एका खाडीकाठच्या गावात घडते, तिथलीच बोली हवी. मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ऐकता येईल, विक्री होणार नाही. मानधन नाही. प्रत्येक भागात कलाकाराचं नाव घेतलं जाईल.
अकरापैकी सात पात्रं खुली आहेत, चार इथल्या सभासदांना आधीच दिलेली आहेत.
आजी: आवाज सत्तरीचा वाटावा. नातवाला ओरडते, पण पहिली तुकडी त्याच्याच ताटात. चौथ्या भागात रडणं आणि किंचाळणं आहे. वाक्य: 'रे झिला, खंय होतंस इतको वेळ?' एकदा काळजीने, एकदा संतापाने. किंवा प्रसंग: वादळ, मुलाची होडी परतलेली नाही, अर्धा मिनिट आपल्या शब्दांत. (बाकी सहा पात्रं याखाली.)
एका पात्रासाठी दीड मिनिटापेक्षा मोठा नमुना नको. साधा फोन चालेल. सुरुवातीला पाच सेकंद शांतता. फोनच्या रेकॉर्डरमधली फाइल जशीच्या तशी इमेलने किंवा फॉर्मवर. फाइलचं नाव: पात्र-नाव-गाव. अठरा वर्षांखालच्यांचे नमुने पालकांनी पाठवावेत.
शेवटची तारीख ३१ जुलै, भारतीय वेळ रात्री ९. पोच दोन दिवसांत, निकाल प्रत्येकाला १५ ऑगस्टपर्यंत, होकार असो वा नकार.
निवड झाल्यास भागामागे साधारण दीड तास द्यावा लागेल, वेळ तुमच्या सोयीची, दिग्दर्शक फोनवर सोबत असेल.
तुमचा आवाज या श्रुतिकेखेरीज कुठेही वापरला जाणार नाही, एआयला शिकवायला किंवा आवाजाची नक्कल करायला दिला जाणार नाही. न निवडलेले नमुने आम्ही पुसून टाकू."

*

प्रेषक: आचऱ्याहून काका

पाठवली. सकाळपासून बारा ठिकाणी गेली.

चार पात्रं आधीच दिलीत हे उघड लिहिलंस, ते मला सगळ्यात आवडलं. दुपारी शेजारच्या मुलीला वाचून दाखवलं. तिने जाहिरात माझ्या हातातून घेतली, 'निकाल प्रत्येकाला' ही ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, आजीच्या पात्राला बावीस वर्षांची मुलगी चालेल काय? मी म्हटलं, 'वाटावा' असं लिहिलंय, 'असावा' असं नाही.

उद्या पहाटे साडेपाचला आमच्या माडीवर ये म्हणून सांगितलंय. तिथे गोधड्या भरपूर आहेत, आणि पंप ज्यांचा आहे त्यांना मी सात वाजेपर्यंत थांबायला सांगून आलोय.