उतारावर निकामी होणारा आणि थंड झाल्यावर पूर्ववत चालणारा ब्रेक: मदत हवी आहे

मागच्या रविवारी आमच्या गटातील एका मित्राच्या सायकलीचा मागचा ब्रेक भर उतारावर निकामी झाला आणि वीस मिनिटांनी, काहीही दुरुस्ती न करता, पूर्ववत चालू लागला. दुसऱ्या दिवशी सायकल दुकानात दाखवली, तर ब्रेकमध्ये कोणताही दोष नसल्याचे सांगण्यात आले. आता पुन्हा त्या वाटेवर जावे की नाही, हे आम्हाला ठरवता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. प्रसंग सविस्तर लिहिते, कारण यातील कोणता तपशील महत्त्वाचा आहे हे मला कळत नाही.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील चौघे जण आहोत: मी, माझे यजमान, त्यांचा एक शाळासोबती (हाच तो मित्र) आणि त्याची धाकटी बहीण. गेल्या दीड वर्षापासून आम्ही बहुतेक रविवारी पहाटे सायकली पिकअपमध्ये घालून सिमरोलच्या पुढे जातो. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्याकडे एकदम खाली उतरतो. याच कड्यावरून पातालपाणी ते कालाकुंड हा जुना मीटरगेज लोहमार्ग जातो आणि तेथील चढ ४० मीटरला १ मीटर, म्हणजे रेल्वेच्या दृष्टीने फारच तीव्र मानला जातो. आमची पायवाट चोरलच्या बाजूला उतरते. मोबाइलवरील नोंदीप्रमाणे ती अडीच किलोमीटरमध्ये २८० मीटर खाली येते, म्हणजे सरासरी ९ मीटरला १ मीटर, आणि मधले काही तुकडे याच्या दुपटीने उभे आहेत. पावसाळा संपला की वरची माती वाहून जाते आणि सागाच्या वाळक्या पानांखाली सुटा मुरूम उरतो. त्यावर चाक कधी सरकेल याचा नेम नसतो.

त्या दिवशी आम्ही वरून न थांबता उतरत होतो. मित्र माझ्या पुढे साधारण तीस मीटरवर होता. शेवटच्या तीव्र वळणाआधी त्याने ओरडून सांगितले, की लिव्हर हँडलला टेकते आहे आणि ब्रेक लागतच नाही. तो वळणावर वळला नाही, सरळ घाणेरीच्या झुडपात शिरला. झुडूप दाट होते म्हणून निभावले. कोपराला चार टाके पडले आणि हात-पाय ओरखडले. मी त्याच्यापाशी पोहोचले तेव्हा मागच्या डिस्कचा, म्हणजे ब्रेक ज्या धातूच्या चकतीला पकडतो तिचा, रंग काठाशी निळसर-तपकिरी झालेला होता. बाटलीतील पाण्याचा एक थेंब तिच्यावर पडला, तो चर्र आवाज करून क्षणात नाहीसा झाला. पुढची डिस्क मात्र बोट टेकवता येईल इतपतच कोमट होती. जखम धुऊन पट्टी बांधेपर्यंत वीस मिनिटे गेली, आणि नंतर लिव्हर दाबून पाहिली तर ती पूर्वीसारखीच कडक लागत होती.

सायकल अडीच वर्षांपूर्वी घेतलेली आहे. दोन्ही ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे नळीतील तेलाच्या दाबावर चालणारे, असून डिस्क १६० मिलिमीटरच्या आहेत आणि लिव्हरवर मिनरल ऑइल वापरावे असे लिहिलेले आहे. माझी सायकल अगदी त्याच प्रकारची, त्याच सुमारास घेतलेली आहे, आणि माझ्या ब्रेकला आजवर असे काही झालेले नाही. मित्राचे वजन ९४ किलो आहे आणि माझे ५८. एवढ्या फरकाने असे होऊ शकते का?

माझी स्वतःची अडचण वेगळी आहे. उतार अर्धा संपेपर्यंत माझी बोटे इतकी आखडतात, की शेवटी मला तीन-तीन बोटांनी ब्रेक ओढावा लागतो, आणि मग मागचे चाक जाम होऊन घसरते. माझे हात लहान आहेत. हे हातांच्या ताकदीचे काम असेल तर तसा व्यायाम करीन, पण आधी ते तसे आहे का हे समजून घ्यायचे आहे.

यजमानांच्या मते सरळ मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे, म्हणजे जास्त ताकदीचे, ब्रेक बसवावेत. खर्च करायला आमची ना नाही. मात्र मूळ कारण न कळता नवे सामान बसवले आणि तीच गोष्ट पुन्हा घडली, तर पुढच्या वेळी तिथे झुडूप असेलच असे नाही.

प्रतिसाद १

ताई, सर्वप्रथम मित्राचा हात लवकर बरा होवो. तुम्ही दिलेल्या तपशिलात उत्तर जवळजवळ आलेलेच आहे.

ब्रेक तापून निकामी होण्याचे दोन प्रकार असतात आणि ते लिव्हरवरून ओळखता येतात. लिव्हर कडक लागते, पण सायकल थांबत नाही, असे असेल तर पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणारे तुकडे, अति तापले आहेत किंवा त्यांच्यावर तेल-वंगण बसले आहे. लिव्हर मऊ पडून हँडलला टेकत असेल, तर नळीतील तेलात वाफ किंवा हवा आहे. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे तुमच्या बोटांचा सगळा जोर वाफेचा बुडबुडा दाबण्यात जातो आणि पॅडपर्यंत पोहोचतच नाही. कॅलिपर, म्हणजे चाकापाशी पॅड धरून ठेवणारा भाग, थंड झाला की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि लिव्हर कडक लागते. दुकानात ब्रेक थंड होता, म्हणून तेथे दोष दिसला नाही. दुकानदाराने निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. सपाट रस्त्यावर फेरी मारून हा दोष कोणालाही सापडणार नाही.

आता पाणी आले कुठून? मिनरल ऑइल पाणी शोषून घेत नाही, पण वर्षानुवर्षे सीलमधून (आतल्या रबरी कड्यांमधून) थोडा ओलावा आत जातोच. हे पाणी तेलात मिसळत नसल्याने जड होऊन सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये साठते, आणि १०० अंश सेल्सिअसला उकळते. काही ब्रेकमध्ये असणाऱ्या डॉट ४ प्रकारच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. ते पाणी शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंशांवरून हळूहळू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ही दोन तेले एकमेकांच्या जागी कधीही घालू नयेत, कारण चुकीच्या तेलाने आतले सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो.

वजनाविषयी तुमची शंका रास्त आहे. मित्र ९४ किलो, सायकल १५ आणि पाठपिशवी ३, असे ११२ किलो २८० मीटर खाली आणताना सुमारे ३०७ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. तुमच्या बाबतीत तोच आकडा सुमारे २०९ किलोज्यूल आहे. टायरचे घर्षण आणि वारा यांत त्यातील काही भाग जातो, पण अवघड वाटेवर हळू उतरताना वाऱ्याची मदत अगदी थोडी असते. बाकी सारी उष्णता डिस्कमध्ये जाते.

मला खटकले ते निराळेच. पुढची डिस्क कोमट होती, याचा अर्थ मित्राने संपूर्ण उतार जवळपास एकट्या मागच्या ब्रेकवर काढला. तो पुढचा ब्रेक वापरतो का? आणि तेल शेवटचे कधी बदलले होते?

धागाकर्तीचे उत्तर

आपले मनापासून आभार. मी मित्राला विचारले. तेल सायकल घेतल्यापासून एकदाही बदललेले नाही, आणि ते बदलायचे असते हे आम्हा चौघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढचा ब्रेक तो उतारावर वापरत नाही. लहानपणी सायकल शिकवताना वडिलांनी त्याला सांगितले होते, की उतारावर पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील. ते त्याने आजवर पाळले आहे. खरे सांगायचे तर मलाही घरी हेच सांगितले गेले होते, आणि म्हणूनच माझे मागचे चाक सारखे जाम होत असावे, असे आता वाटते.

प्रतिसाद २

वडिलांचे सांगणे त्यांच्या काळच्या सायकलीसाठी आणि ताठ बसून चालवण्यासाठी चुकीचे नव्हते. डोंगरउतारावर मात्र त्याच्या उलट वागावे लागते. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकाकडे सरकतो. मागचे चाक हलके होते आणि जरासे जास्त दाबले तरी जाम होऊन घसरते. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात आहे. तोंडावर पडण्याची भीती असते ती शरीर पुढे झुकलेले आणि सीट उंच असल्यामुळे. सीट खाली करा, पेडल समपातळीत ठेवून उभे राहा, टाचा खाली दाबा, कंबर मागे आणि खाली न्या, कोपरे किंचित वाकवून हातांनी शरीर तोलून धरा. मग पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. एकदम झटका द्यायचा नाही, आणि वळणात चाक तिरके असताना तर मुळीच नाही. वेग वळणाच्या आधी कमी करावा आणि वळणात ब्रेक जवळजवळ सोडून द्यावा.

दुसरे म्हणजे, ब्रेक सबंध उतारभर अर्धवट दाबून ठेवू नये. सरळ तुकड्यात दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवावा, मग सोडावेत, मग पुन्हा दाबावेत. उष्णता फार कमी होते असे नाही, पण ती दोन डिस्कमध्ये विभागली जाते आणि मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. अडीच किलोमीटरमध्ये तीन ठिकाणी थांबलात तर बोटांनाही विसावा मिळेल.

तुमच्या बोटांचे दुखणे ताकदीचे नाही, लिव्हरच्या जागेचे आहे, असे मला खात्रीने वाटते. लिव्हरपाशी एक छोटा स्क्रू असतो; त्याने लिव्हर हँडलच्या जवळ आणता येते. त्याचबरोबर लिव्हरचा पट्टा सैल करून ती हँडलवर थोडी मधल्या बाजूला सरकवा, इतकी, की तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळलेल्या भागावर पडेल. टोकाशी ओढले की कमी जोर पुरतो. एका बोटाने ब्रेक आणि उरलेल्या बोटांनी हँडल, अशी पकड जमली पाहिजे.

मोठ्या डिस्कचा विचार वाईट नाही. ९४ किलोच्या माणसाला पुढे १८० मिलिमीटरची डिस्क निश्चितच उपयोगी पडेल. मात्र त्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो आणि फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुशाख्याला, तेवढी डिस्क चालते का हे आधी पाहावे लागते. काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असे छापलेले असते. त्यांच्यावर धातूचे पॅड बसवू नयेत. पण हे सगळे नंतर. आधी तेल बदला, पॅड बाहेर काढून पाहा, आणि सपाट मैदानावर पुढच्या ब्रेकचा सराव करा. आपल्याकडील सायकलींना बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, काहींना उलटा असतो. सरावापूर्वी प्रत्येकाने आपापल्या सायकलीचा पाहून घ्यावा.

धागाकर्तीकडून, तीन आठवड्यांनंतर

सर्व प्रतिसादकांची मी ऋणी आहे. झालेली प्रगती कळवते.

दुसऱ्या एका कारागिराकडे मित्राचा मागचा ब्रेक उघडून घेतला. कॅलिपरमधून आलेले तेल गडद राखाडी होते आणि काचेच्या पेल्यात काढून ठेवल्यावर तळाशी पाण्याचा मोहरीएवढा स्वच्छ मणी वेगळा दिसला. मी तो पेला उजेडात धरून बराच वेळ पाहत होते. पॅड झिजून नखाच्या जाडीचे उरले होते आणि त्यांचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत झाला होता. चारही सायकलींचे तेल बदलले. मित्राला मागे नवे पॅड घातले आणि ते डिस्कशी नीट जुळावेत म्हणून सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक जाम न करता, वीस-एक वेळा वेग उतरवला.

मग दोन रविवार आम्ही डोंगरावर गेलोच नाही. वसाहतीच्या मैदानात खडूने रेघ आखून तिच्यापाशी फक्त पुढच्या ब्रेकने थांबण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी मित्र रेघ ओलांडून चार-पाच मीटर पुढे जात होता, कारण त्याचे बोट पुढच्या लिव्हरवर जाऊनही दाबत नव्हते. ते पाहताना मला फार वाईट वाटले. बालपणीची भीती चाळिशीतल्या माणसाच्या बोटात अजून होती. दुसऱ्या रविवारी दुपारपर्यंत तो रेघेच्या अलीकडे थांबू लागला.

काल त्याच वाटेने उतरलो. तीन ठिकाणी थांबलो आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही डिस्कवर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. दोन्हींवर तो चर्र झाला, म्हणजे या वेळी काम दोघींनी वाटून घेतले होते. लिव्हर शेवटपर्यंत कडक राहिली. माझी लिव्हर जवळ आणून आत सरकवल्यापासून बोटे आखडत नाहीत आणि मागचे चाक एकदाच घसरले.

एक शंका उरली आहे. शेवटच्या वळणाआधी साठेक मीटरचा खडकाळ तुकडा आहे, तिथे गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन पायऱ्या लागतात. आम्ही चौघेही तिथे उतरून सायकल हातात धरून चाललो, आणि पुढचे काही महिने तसेच चालू. पण अशा पायरीवरून चाक खाली जात असताना पुढचा ब्रेक पूर्ण सोडायचा, की किंचित धरून ठेवायचा, हे कोणी समजावून सांगितले तर मैदानात फळी टाकून त्याचा सराव आतापासून सुरू करता येईल.