पांढऱ्या पाकळीवर कुंकवाचे शिंतोडे असलेली पिओनी, जात कोणती असेल?

सातारकर_आई:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, बागेचं वेड आहे पण ते जास्वंद, मोगरा, शेवंती एवढंच. लेक जर्मनीत असते, सध्या तिच्याकडे आलेय, तर तिच्या भाड्याच्या घरामागे पिओनीचं हे एवढं मोठं झुडूप आहे, माझ्या कमरेला लागेल एवढं, आणि फूल म्हणाल तर ओंजळीत मावत नाही. पांढरंशुभ्र, पाकळ्यांची नुसती दाटी, आणि मधल्या दोन-चार पाकळ्यांच्या कडेला लालभडक शिंतोडे, कुंकवाचं बोट झटकल्यावर उडावेत ना तसे. वासही छान आहे. घरमालकीणबाई म्हणाल्या त्यांच्या सासूबाईंनी लावलंय, नाव त्यांनाही माहीत नाही. कुणाला ही जात ओळखता येईल का? आणि याचं मूळ आणून आपल्याकडे लागेल का, साताऱ्यात नाही तर निदान महाबळेश्वरला, तिथे माझे दीर असतात. कळ्यांवर मुंग्या फार आहेत, ती कीड तर नाही ना?

कृष्णाकाठ_सांगली:
ताई, शिंतोडे वाचले आणि लगेच डोळ्यासमोर आली, ही बहुतेक फेस्टिव्हा मॅक्सिमा. मिएलेझ नावाच्या फ्रेंच माळ्याने १८५१ साली बाजारात आणलेली जात, आणि आजही नर्सरीत मिळते. मी कामानिमित्त चार वर्षं इंग्लंडला होतो, शेजारच्या आजींकडे ही होती त्यामुळे चांगली ओळखीची आहे. फक्त एक खात्री करून घ्या, एकाच फुलावर जाऊ नका, चार-पाच फुलं उघडून आतपर्यंत बघा कारण शिंतोडे कुठे जास्त असतात कुठे अगदी एखादाच. अजिबातच नसले आणि मधोमध लिंबासारखी पिवळसर झाक असली तर ती डचेस द नेमूर, कालो यांची १८५६ ची, तिची कळी हिरवट पांढरी असते आणि वास फारच गोड.
जुन्या पिओनींची खरी मजा फुलाच्या ठेवणीत आहे. तुमची आहे ती पूर्ण डबल, म्हणजे पुंकेसर जवळजवळ दिसतच नाहीत, सगळ्याच्या पाकळ्या झालेल्या. सारा बर्नहार्टही तसलीच, लेमवान यांची १९०६ ची, फ्रेंच नटीचं नाव दिलेली, फिकट गुलाबी आणि पाकळीच्या कडेला चंदेरी छटा, ती हंगामात उशिरा फुलते. आणि एक बॉम्ब प्रकार असतो, खाली रुंद पाकळ्यांची ताटली आणि तिच्यावर बारीक पाकळ्यांचा गच्च गोळा. मस्यो ज्यूल एली, १८८८, ही त्यातली माझी सगळ्यात आवडती, एवढं मोठं गुलाबी फूल की पावसाची एक सर आली की दांडी झोपलीच म्हणून समजा. आजी कळ्या धरायच्या आधीच भोवती तारेचं कडं लावून ठेवायच्या.
मुंग्यांचं टेन्शन घेऊ नका, कळीच्या बाहेरून गोड रस पाझरतो त्यासाठी येतात, फुलाला काही करत नाहीत. फुलदाणीसाठी तोडताना तेवढं झटकून घ्या.

मिरजकर८२:
चिनी बशांवर असतं ते फूल हेच का?

कृष्णाकाठ_सांगली:
भाऊ, तिथे बहुतेक मुदान असतो, तो याच कुळातला पण त्याच्या फांद्या लाकडी, थंडीत पानं गळली तरी झाड उभं राहतं. ताईंची आहे ती चीनमध्ये शाओयाओ म्हणतात त्यातली, हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं आणि वसंतात जमिनीतून लालसर कोंब येतात.

वाईकर_काका:
ताई, लावण्याचं मी सांगतो कारण मी हे करून बसलोय. पाचेक वर्षांपूर्वी ऑनलाइन एक मूळ मागवलं, पाचगणीला भावाच्या बागेत लावलं, दोन पानं आली तेव्हा काय आनंद झाला होता, आणि आषाढात उकरून बघितलं तर मूळ काळं पडून हाताला चिकट लागत होतं. पिओनीला हिवाळ्यात चार-पाच अंशांच्या आसपासची थंडी लागते आणि ती सलग काही आठवडे, तरच कळी धरते. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दव गोठतं ते खरं पण एखाद्या पहाटेपुरतं, दुपारी परत ऊन. आणि पाऊस बघा ना, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, याच्या मुळांना साचलेलं पाणी बिलकुल चालत नाही. शिवाय परदेशातून मूळ आणायला सरकारी परमिट आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, बॅगेत घालून आणू नका. दिरांकडे एडवर्ड गुलाब लावा, गच्च पाकळ्या, वास भरपूर आणि आपल्या हवेत सुखाने राहतो.

सातारकर_आई:
काका, वाईट वाटलं तुमचं वाचून, आणि बरं झालं आधीच सांगितलंत. दादा, आज सकाळी सहा फुलं आतपर्यंत बघितली, पाच फुलांत लाल शिंतोडे आहेत, एकात तर अगदी गाभ्याशी एकच बारीक रेघ, म्हणजे फेस्टिव्हा मॅक्सिमाच ना! मालकीणबाईंना नाव कागदावर लिहून दिलं, त्यांनी तो फ्रिजवर लावला. आता एक शेवटचं, लेक ऑक्टोबरात इथेच दुसरं घर घेतेय आणि बाई म्हणतात अर्धं झुडूप घेऊन जा. कसं काढायचं?

कृष्णाकाठ_सांगली:
घर ऑक्टोबरात आहे तर वेळ अगदी बरोबर जुळलीय, सप्टेंबर-ऑक्टोबरातच काढतात. पानं कापून टाका, लांबून खणून अख्खा गड्डा वर घ्या, माती धुवा म्हणजे गुलाबी डोळे दिसतील. धारदार सुरीने असे तुकडे करा की प्रत्येकाला तीन ते पाच डोळे राहतील. लावताना डोळे मातीखाली दोन इंचांच्या वर जाता कामा नयेत, खोल गेले तर वर्षानुवर्षं नुसती पानंच येतात. पहिली एक-दोन वर्षं फूल नाही आलं तरी लेकीला उपटू देऊ नका.